भागीदार घेऊ की उधारी वसूल करू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कोल्हापूरची. नाचणीची बिस्किटं बनवते, सोबत 4 बायका आहेत, महिन्याला 3 लाखांची विक्री होते. धंदा माझ्या एकटीच्या नावावर, उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंद) सुरुवातीपासून आहे. एका मोठ्या दुकानाने 4 महिने बिलं थकवलीत त्यामुळे कच्चा माल घ्यायलाही पैसे उरत नाहीत. पुण्यातले एक ओळखीचे 25 लाख घालून 30 टक्के हिस्सा मागतायत, म्हणतात 10 मिनिटांत डिलिव्हरीवाल्या ॲपवर जाऊ. घरचे म्हणतात स्टार्टअपचा जमाना संपला. काय करू?

उत्तर: ताई, आधी घरच्यांचं बोलू. जमाना संपला नाही, पण पैसा महाग झालाय. 2021 साली अमेरिकेत व्याजदर शून्याच्या आसपास होते, तो स्वस्त पैसा आपल्याकडे आला आणि एका वर्षात 40 च्या वर युनिकॉर्न (100 कोटी डॉलरच्या वर किंमत असलेले स्टार्टअप) झाले, पुढच्या वर्षी तिकडे व्याज चढलं आणि इथल्या गुंतवणूकदारांनी नुसती वाढ बघायचं सोडून नफा विचारायला सुरुवात केली. तुमचा धंदा तर पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईकाच्या पैशावर चाललाय, आज लोक तेच शोधतायत, म्हणून घाईने 30 टक्के देऊ नका प्लीज.

आणि एकटीच्या नावावरच्या धंद्यात हिस्सा देता येत नाही, त्यासाठी भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड करावं लागतं. ते सगळं फक्त उधारी अडकली म्हणून करायचं का?

तुमचं खरं दुखणं उधारी आहे. आमच्या मसाल्याच्या धंद्यातही एका गिऱ्हाईकाने असंच 7 महिने लटकवलं होतं, त्या काळात झोप लागायची नाही, म्हणून पोटतिडकीने सांगते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सचा नियम असा झाला की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर माल घेणाऱ्याला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा धरता येतो. मार्च जवळ आला की त्यांच्या अकाउंटंटला हे चांगलंच आठवतं! प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा, आधी लेखी मागणी करा, नाहीच दिले तर सरकारच्या एमएसएमई तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, ती थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. दुकान हातचं जाईल ही भीती मला कळते, पण 4 महिने पैसे न देणारं दुकान धरून तरी काय उपयोग.

ॲपचं म्हणाल तर कमिशन, जाहिरात आणि न खपलेला माल परत, हे तिन्ही धरून एका पुड्यामागे किती उरतं ते कागदावर मांडा. उरत असेल तर एकाच शहरात थोड्या मालावर करून बघा. त्याला 25 लाख लागत नाहीत. खेळतं भांडवल हवं असेल तर बँकेत जा, लघुउद्योगाच्या 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला (1 एप्रिल 2026 च्या आधी ही मर्यादा 10 लाख होती) तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मॅनेजर नाही म्हणाले तर कारण लेखी मागा.

वसुलीचं पत्र याच आठवड्यात पाठवा, उत्तर काय येतं ते मला कळवा.