पुण्यात राहतो. घरातला मानसिक आजारी माणूस बिथरला तर त्याला शांतपणे हाताळण्याचं प्रशिक्षण पोलिसांना देणं बंधनकारक आहे का?

हो, पण अर्धवट. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३० नुसार पोलिसांना या आजारांविषयी वेळोवेळी जाणीवजागृतीचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारची आहे. चिघळलेला प्रसंग निवळायचा कसा, हे त्यात नेमकं सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८८ साली सुरू झालेल्या पद्धतीत यासाठी पोलिसांना ४० तासांचा अभ्यासक्रम असतो. आपल्याकडेही तो हवाच. कलम १०० मात्र स्पष्ट आहे: आजारामुळे ताब्यात घेतलेल्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावंच लागतं. पुण्यात ससून किंवा येरवड्याचं मनोरुग्णालय. तेव्हा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर बोलताना आधी आजार सांगा, हातात शस्त्र आहे की नाही तेही सांगा.