मासळीच्या टेम्पोची नोंदणी: उत्तर लेखीच मागा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बांगडा घेऊन कोल्हापूरला निघालेला तुमचा टेम्पो अडवला, व्यापाऱ्याचा अन्न परवाना दाखवूनही गाडीची वेगळी अन्न नोंदणी मागितली आणि चौकशीला गेलात तर आरटीओकडे पिटाळलं, हे वाचून राहवलं नाही. आम्ही यातूनच गेलोय. (मी वकील नाही, गाडीवाला आहे. नियम बदलतात, खात्री करून घ्या.)

व्यापाऱ्याचा परवाना त्याच्या धंद्याचा. दुसऱ्याची मासळी भाड्याने नेतो तोही अन्नसुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे अन्न व्यावसायिकच, कारण त्यात वाहतूक स्पष्ट धरली आहे. म्हणून वाहतूकदार म्हणून फॉसकॉसवर (अन्न परवाना-नोंदणीचं सरकारी ऑनलाइन पोर्टल) स्वतःची नोंदणी करा. आरटीओ गाडीचे कागद बघणार, आतल्या मासळीचं नाही.

आम्हाला एका कार्यालयात तोंडी सांगितलं, "गाड्यांचं आम्ही बघत नाही." दुसरीकडे गेलो तर, "खाण्याच्या वस्तूंचं तिकडेच विचारा." पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठून मासळी लागली, बाकीच्यांच्या गाड्या आंबा घाट चढत होत्या आणि आमची दारात उभी. हप्ता काही थांबत नव्हता. एकानेही दोन ओळी लिहून दिल्या नाहीत! अजून चीड येते. लेखी उत्तर मागणारा अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

परतीच्या भाड्याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तरी चालेल. खत, कीटकनाशक कितीही पैसे मिळाले तरी भरू नका. अन्न परवाना-नोंदणीच्या २०११ च्या नियमावलीतली अनुसूची ४ सांगते की अन्न दूषित होईल असा माल त्या गाडीत नको, आणि दोन खेपांमध्ये गाडी धुऊन निर्जंतुक करायची. फळ्यांत मुरलेलं औषध नुसत्या पाण्याने जात नाही, आणि ती मासळी कुणाच्या तरी पोरांच्या ताटात जाते.

पुढे कधी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने मासळीचा नमुना घेतलाच तर त्याच कायद्याचं कलम ४७ लक्षात ठेवा. नमुन्याचे चार भाग होतात, चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा असं तुम्ही लेखी मागू शकता. तिथल्या तिथेच मागा.

जाता जाता, निळसर बर्फ दिला तर परत करा, तो अखाद्य असतो. बांगडा, सुरमई, कुपा गाडीत तापली की हिस्टामिन (विषबाधा करणारा घटक) वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

आमच्या अर्जाचा मसुदा अजून जपून ठेवलाय. हवा असेल तर सांगा, इथेच टाकतो.