कोरियन व्याकरण नवशिक्याने कुठून सुरू करावं?

आधी हांगुल लिपी शिका, मूळ अक्षरं फक्त 24 आहेत. रोमन लिपीवर विसंबू नका, उच्चार बिघडू शकतात.

मग वाक्यरचना. इथे मराठी माणसाला मोठा आधार आहे, कारण क्रियापद शेवटी येतं. ‘मी भात खातो’ म्हणजे ‘नानुन बाबुल मॉगॉयो’, शब्दाला शब्द त्याच क्रमाने. ‘बाप’ म्हणजे भात, त्याला चिकटलेला ‘उल’ कर्म दाखवतो, आपल्या ‘ला’सारखा. स्वरान्त शब्दाला तोच ‘रुल’ होतो.

क्रियापदाला लिंग-पुरुष नाहीत: तो जातो, ती जाते, आम्ही जातो, सगळ्यांना ‘कायो’! मात्र आजीबद्दल बोलताना आदरार्थी ‘कासेयो’. वाक्याचा विषय दाखवणारा ‘नुन’ (‘नानुन’मधला) आणि कर्ता दाखवणारा ‘गा’ या प्रत्ययांतला फरक खरा अवघड आहे, तो नियमांपेक्षा भरपूर वाक्यं ऐकूनच उमगतो.