‘हाय रिस्क’ रिपोर्ट, स्टेम सेल, व्हेंटिलेटर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पत्रं वेगवेगळ्या पॅरिशांतून (चर्चच्या विभागांतून) येतात, गोंधळ मात्र तोच असतो. आजारपण, तपासण्या, उपचार यांबद्दल ‘कॅथलिक चर्चला हे चालतं का?’ असं विचारलेलं असतं आणि त्याआधीच कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर चुकीचं उत्तर देऊन ठेवलेलं असतं. म्हणून या वेळी एकत्रच लिहिते. मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे ही उत्तरं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरू नका.

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. धर्मशिक्षणाच्या शिक्षिका म्हणतात, तिला समजत नाही, पहिला ख्रिस्तप्रसाद नको. (वांद्रे)

देता येतो. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, यांत फरक आहे, हे तिला तिच्या कुवतीनुसार उमगलं की पुरे. ते शब्दांत सांगता आलंच पाहिजे असं नाही. शिक्षिकेशी वाद घालत बसू नका, थेट पॅरिश प्रीस्टना भेटा.

प्रश्न : मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. नातेवाईक म्हणतात, घराण्यातलं कुणाचं तरी पाप असेल, किंवा मी ग्रहणात विळीवर बसले म्हणून. (गोराई)

दोन्ही खोटं. पापाचं म्हणाल तर योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचून दाखवा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि येशूने ‘यानेही नाही, याच्या आईबापांनीही नाही’ असं उत्तर दिलं. सेरेब्रल पाल्सी होते ती मेंदूला गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेल्या इजेमुळे. फिजिओथेरपी चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर याच आठवड्यात सुरू करा.

प्रश्न : वय 34, पहिली खेप. डबल मार्करमध्ये (गरोदरपणातल्या रक्ततपासणीत) डाउन सिंड्रोमसाठी ‘हाय रिस्क 1:140’ आलंय. सोनोग्राफीच्या ठिकाणी म्हणाले, लवकर ठरवा, गर्भपाताची मुदत निघून जाईल. सासूबाई म्हणतात, तपासणी करणंच पाप होतं. (मरोळ)

आधी तो कागद पुन्हा हातात घ्या. 1:140 म्हणजे असा आकडा आलेल्या 140 जणींमध्ये साधारण एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो, 139 जणींच्या बाळांना नसतो. ठळक अक्षरांतलं ‘हाय रिस्क’ वाचून घरात रडारड होते आणि शेजारी छापलेला आकडा कुणी समजावून सांगत नाही. याची मला मनापासून चीड येते. डबल मार्कर ही चाळणी आहे, निदान नव्हे. पुढची एनआयपीटी रक्ततपासणी जास्त नेमकी असते, पण तीही चाळणीच. ती मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात उतरलेला डीएनए तपासते, आणि वार व बाळ यांत क्वचित फरक असू शकतो. जाहिरातीतलं ‘99 टक्के’ म्हणजे तुमचा पॉझिटिव्ह रिपोर्ट 99 टक्के खरा, असं नव्हे. पक्कं निदान गर्भजल तपासणीने होतं. ती साधारण 15 आठवड्यांनंतर करतात आणि तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. म्हणून ती करायची की नाही, हे तज्ज्ञांशी बोलून तुम्ही दोघांनी ठरवा.

सासूबाईंना सांगा, तपासणी पाप नाही. बाळाच्या उपचारासाठी, आईबापांच्या तयारीसाठी केलेली गर्भतपासणी योग्य आहे, असं चर्चने 1987 मध्येच स्पष्ट केलं आहे. दोष आढळला तर बाळ काढून टाकायचं असं आधी ठरवून केलेली तपासणी मात्र चर्चला मान्य नाही.

आता मुदतीचं. गर्भपाताचा कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवड्यांपर्यंत गेली आणि गर्भात गंभीर दोष असल्याचं मेडिकल बोर्डाने ठरवलं तर त्यापुढेही परवानगी मिळते. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हे कॅलेंडर असतं आणि त्याची घाई तुमच्या अंगावर येते. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून तुमच्यावर सक्ती होत नाही. चर्चचं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगते : रिपोर्ट काहीही आला तरी गर्भपात नाही. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या बुद्धीवर, कमाईवर किंवा प्रकृतीवर ठरत नाही, हे व्हॅटिकनने 2024 च्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या घोषणापत्रात पुन्हा सांगितलं आहे. तुम्हाला भीती वाटते, हे पाप नाही. त्या भीतीत तुमच्याकडून सही घेतली जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आणि घाई करायचीच तर ती या गोष्टींची करा. 18 ते 22 आठवड्यांतली सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका आणि बाळाच्या हृदयाची फीटल एको करून घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, पण त्यातले बहुतेक शस्त्रक्रियेने सुधारता येतात. दोष दिसला तर लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया जिथे होते अशा हॉस्पिटलशी बाळंतपणाआधीच बोलून ठेवा. जन्मानंतर थायरॉइड आणि कान तपासा, पहिल्या काही महिन्यांतच थेरपी सुरू करा. 

डाउन सिंड्रोममागचा जादा क्रोमोसोम शोधण्यात ज्यांचं नाव आघाडीवर आहे, ते पॅरिसचे जेरोम लेजून. 1959 मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. पुढे त्याचाच आधार घेऊन ही बाळं गर्भातच वेचली जाऊ लागली, याचं त्यांना आयुष्यभर दुःख होतं. ते या मुलांवर उपचार करत राहिले आणि त्यांच्या बाजूने बोलतही राहिले. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पॉन्टिफिकल अ‍ॅकॅडमी फॉर लाइफ या व्हॅटिकनच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष नेमलं. तुमच्या पॅरिशमध्ये असं मूल वाढवणारं घर असेल तर त्यांच्याकडे एक संध्याकाळ बसून या. ‘अशी मुलं’ म्हणून सांगितलं जातं त्यातलं बरंच ऐकीव असतं. त्यानंतर जेनेटिक काउन्सेलरना भेटा. नैतिक बाजूसाठी गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजमधलं एफआयएएमसी (कॅथलिक डॉक्टरांच्या जागतिक महासंघाचं) बायोमेडिकल एथिक्स सेंटर आहे. कुणी त्याच दिवशी सही मागितली, तर सही न करता घरी या.

प्रश्न : मुलाच्या ऑटिझमसाठी स्टेम सेल थेरपीचं पॅकेज सांगितलंय. चर्चचा विरोध आहे का? (बोरिवली)

चर्चचा विरोध आहे तो भ्रूण नष्ट करून काढलेल्या पेशींना. रुग्णाच्या स्वतःच्या किंवा नाळेतल्या पेशी वापरायला नाही. पण तुम्ही विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे : या उपचाराचा उपयोग सिद्ध झालाय का? झालेला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा सिद्ध न झालेल्या वापराला फक्त मान्यताप्राप्त संशोधनात जागा आहे आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज सांगितलं, हप्ते करून देतो म्हणाले, आधीच्या मुलांचे व्हिडिओ दाखवले, की उठा. दागिने गहाण टाकू नका. तो पैसा ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपीला लागणार आहे. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ब्रेन डेड झाल्यावर अवयवदान चालतं का? (अंधेरी)

चालतं. संमती हवी, विक्री नको. घरच्यांना आजच सांगून ठेवा.

प्रश्न : वडील 82 वर्षांचे, कॅन्सर सगळीकडे पसरलाय, आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणतात, व्हेंटिलेटरने आता काही साधणार नाही. मामा म्हणतात, कॅथलिकांनी तो काढला तर ती हत्या होते. (कुर्ला)

मामा चुकताहेत. पोप पायस बारावे यांनी 1957 मध्येच भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की असाधारण उपाय चालूच ठेवण्याचं बंधन नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही तेच आहे : फार त्रासदायक आणि फळाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं म्हणजे मारणं नव्हे, मरण टाळता येत नाही हे स्वीकारणं. मारण्याच्या हेतूने इंजेक्शन देणं मात्र कधीही चालत नाही. वेदनेसाठी मॉर्फिन द्या. अन्नपाणी हा उपचार नसून सेवा आहे. शरीर घेतंय तोवर द्यायचं. केईएम हॉस्पिटलच्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अचेत अवस्थेत पडून राहिलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची 2015 पर्यंत, चार दशकांहून जास्त काळ, अशी सेवा केली. तिथे अन्न बंद करण्याचा प्रश्न होता, तुमच्याकडे व्हेंटिलेटरचा आहे. दोन्हींची गल्लत नको.

कायद्याची वाट 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आखली आणि 2023 मध्ये सोपी केली. हॉस्पिटलचे दोन वैद्यकीय बोर्ड लागतात. ते बसवा अशी लेखी मागणी करा आणि पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) टीमला बोलवायला सांगा. वडील आयसीयूबाहेर येऊ शकले तर वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे. 1986 पासून तिथे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची विनामूल्य सेवा होते. आणि तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी, फादरना आजच फोन करा. ते शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवायचं नसतं.

प्रश्न : मुलगा 32 वर्षांचा, ऑटिझम आहे. आम्ही सत्तरी गाठली. आमच्यामागे बहीण बघेल असं धरून चाललोय. (दहिसर)

बहिणीला विचारलंय का? पत्रात तरी तसं दिसत नाही. तिच्याशी आणि जावयांशी मोकळं बोला. तुमचा मुलगा ज्यांच्यात रमतो, त्यांचाही विचार करा. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. मृत्युपत्र वकिलाकडून करून घ्या. ही कामं तुम्ही हिंडते-फिरते आहात तोवरच होतात. आधी त्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का ते बघा, नसेल तर सुरुवात तिथूनच करा.