दिवा, डोळे आणि दिसणे

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचे हृदय अतिदक्षता विभागात काही काळ बंद पडले होते. शुद्धीवर आल्यापासून तो ठामपणे सांगतो की, छताजवळून आपण आपलाच देह आणि छाती दाबणारे डॉक्टर पाहत होतो. मेंदू बंद असताना हे दिसले असेल, तर जाणीव मेंदूवाचूनही असते असे मानावे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपले बंधू खोटे बोलत आहेत असे समजण्याचे काहीच कारण नाही. नेदरलँड्समधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी हृदयक्रिया थांबून वाचलेल्या ३४४ रुग्णांची चौकशी केली, तेव्हा त्यांतील ६२ जणांनी मृत्यूच्या उंबरठ्यावरचा काही ना काही अनुभव सांगितला. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण आहे ती ‘मेंदू बंद असताना’ या आपल्या शब्दांत. हृदय थांबल्यावर मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युत् क्रिया साधारण दहा ते वीस सेकंदांत मावळते हे खरे. परंतु छाती दाबली जात असताना थोडे का होईना रक्त मेंदूकडे जातच असते आणि अनुभव नेमका कोणत्या मिनिटाचा, शुद्ध हरपतानाचा की परत येतानाचा, हे रुग्णाला सांगता येत नाही. या शंकेचा निकाल लावण्यासाठी सॅम पार्निया या डॉक्टरांच्या पथकाने पंधरा रुग्णालयांत, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे उंच फळ्यांवर ठेवली. चार वर्षांत २,०६० वेळा हृदय बंद पडल्याची नोंद झाली, पण पाहिल्या-ऐकल्याचे स्पष्ट सांगणारे रुग्ण निघाले दोनच, आणि त्या दोघांचेही हृदय जिथे थांबले तिथे नेमकी फळी नव्हती! २०१४ मध्ये निष्कर्ष आले, प्रश्न होता तिथेच राहिला.

तरीही आपल्या प्रश्नाला एक जुनी आणि भक्कम बाजू आहे. किण्वातून, म्हणजे आंबवणाऱ्या द्रव्यातून, मादकता यावी तसे पृथ्वी, पाणी, तेज, वायू या भूतांच्या संयोगातून चैतन्य येते, असे देहापलीकडचा आत्मा न मानणारा चार्वाकपक्ष म्हणत असे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी हा देहात्मवाद (देह हाच आत्मा, हे मत) खोडून काढताना दिव्याचा दाखला दिला आहे : दिवा असेल तर दिसते, नसेल तर दिसत नाही, म्हणून ‘दिसणे’ हा काही दिव्याचा धर्म ठरत नाही. मेंदू बिघडला की जाणीव बिघडते, एवढ्यावरून मेंदूच जाणीव निर्माण करतो असे तर्काने सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे.

पण दिवा मंदावला तर वस्तू अंधूक दिसते, आंब्याचा फणस होत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र तसेच काहीसे घडते. काप्ग्रा विकारातला रुग्ण समोर बसलेल्या आईचा चेहरा नीट ओळखतो आणि तरीही ‘ही माझ्या आईसारखी दिसणारी दुसरीच बाई आहे’ असे म्हणतो. अशाच एका रुग्णाला फोनवर आवाज ऐकताच मात्र आईची खूण पटत असे. केवळ चेहरा पाहून उमटणारी माया तेवढी तुटते, हे मेंदूला निव्वळ दिवा किंवा बाहेरची जाणीव फक्त पकडणारा रेडिओ मानून उलगडत नाही. शिवाय २००२ मध्ये जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या पथकाने अपस्माराच्या एका रुग्णेच्या मेंदूतील उजव्या बाजूच्या एका ठिकाणी विद्युत् उद्दीपन केले, तेव्हा पलंगावरचा आपलाच देह आपण वरून पाहत आहोत असे तिला वाटले, आणि ती तर पूर्ण शुद्धीत होती. म्हणून माझा कौल मेंदूच्या बाजूने आहे. पेशींच्या हालचालीतून मुळात ‘जाणवणे’ कसे उपजते, हे मात्र त्या बाजूलाही अद्याप सांगता आलेले नाही.

बंधूंशी वाद घालू नये. त्यांनी जे सांगितले त्यातले पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, एवढे मात्र निवांतपणे विचारून, इतरांकडून हकिगती ऐकून त्यांत भर पडण्याआधी, तारीख घालून लिहून ठेवावे.