‘फुकट’ गाडीचं भाडं कुणाच्या नावावर?

ब्रिटनमधल्या वाचकांची पत्रं वेगवेगळ्या गावांतून येतात, घोळ मात्र एकच: अपघातात चूक समोरच्याची, म्हणजे आपली गाडी दुरुस्तीत असताना मिळालेली बदली गाडी फुकट. खालची उत्तरं इंग्लंड-वेल्सपुरती. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

कर्टसी कार आणि क्रेडिट हायर एकच का? – लेस्टर

नाही. पहिली तुमच्या विमा पॉलिसीतून, दुरुस्तीपुरती मिळते आणि बहुधा लहान असते. दुसरी उधारीवर भाड्याने घेतलेली असते आणि ऋणको तुम्ही असता.

मागून धडक बसली. ‘एक पैसा भरायचा नाही’ म्हणत एका कंपनीने मोठी गाडी दारात आणली, टॅबलेटवर सह्या घेतल्या. आता कोर्टात साक्ष द्या म्हणून वकिलाचं पत्र आलंय. का? – स्लाउ

कारण कंपनीने भाडं तुमच्या नावावर उधार मांडलंय आणि समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसुलीही तुमच्याच नावाने चालली आहे. दावेदार तुम्ही, साक्षीदारही तुम्हीच. ‘एक पैसा नाही’ हे सांगताना ही अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही.

समजा उधारीचा दर रोज १४० पौंड आणि तीच गाडी साध्या रेंटलकडे ४५ पौंडांना मिळते. ३५ दिवसांचे ४,९०० विरुद्ध १,५७५. भांडण या ३,३२५ पौंडांवर होतं. समोरची विमा कंपनी विचारणार: घरात दुसरी गाडी असताना गरज होती का? एवढे दिवस का? एवढी मोठी का? आणि दर एवढा का?

दराबाबत ‘डायमंड विरुद्ध लव्हेल’ (२०००) या निकालापासून सूत्र असं: बाजारातला साधा दर मिळेल, उधारीचा जादा बोजा नाही. ‘लॅग्डन विरुद्ध ओ’कॉनर’ (२००३) ने अपवाद केला तो ज्याची आधी भाडं भरण्याची ऐपतच नव्हती त्याच्यासाठी. ती ऐपत नव्हती हे दाखवायला बँकेची स्टेटमेंट्स, पगाराच्या स्लिपा, क्रेडिट कार्डाची मर्यादा सगळं उघडावं लागतं. खात्यात बचत असताना ‘पैसे नव्हते’ असल्या निवेदनावर सही करू नका. जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरलं तर तो न्यायालयाचा अवमान होतो.

वसूल न झालेली रक्कम भरणारी विमा पॉलिसी बहुधा करारासोबत असते, पण सहकार्याच्या अटीवर. पत्रांना उत्तरं दिली नाहीत, सुनावणीला गेला नाहीत, की बिल तुमच्या दारात. करार आणि ती पॉलिसी घेऊन या आठवड्यातच सॉलिसिटर गाठा. स्वतंत्र, कंपनीने नेमलेला नव्हे.

समोरच्याच्याच विमा कंपनीने गाडी देऊ केली. मित्र म्हणतात, घेऊ नकोस, जाळं आहे. – मिल्टन कीन्स

कायदा मित्रांना विचारू नका. चांगला देकार विनाकारण नाकारलात तर ‘नुकसान आटोक्यात ठेवलं नाही’ म्हणून तुमचीच भरपाई कापली जाऊ शकते. त्यांना ती गाडी रोज कितीला पडते, एक्सेस (नुकसान झालं तर आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम) किती, मैलांची मर्यादा आहे का, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत राहील का, हे लेखी मागवा. तुमच्या विमा कंपनीशी बोला, मग होकार द्या.

पुण्याहून आलेल्या बाबांना ही गाडी चालवू देऊ का? – हाउन्सलो

करारात त्यांचं नाव नसेल तर नाही. भारतीय लायसन्स चालणं वेगळं, विमा असणं वेगळं.

पार्ट आला नाही म्हणून गाडी गॅरेजमध्ये पडून आहे, भाडं चालूच. – बर्मिंगहॅम

दर आठवड्याला गॅरेजला ईमेल करा: पार्ट कधी मागवला, कधी येणार? उत्तरं जपून ठेवा, दिवसांचा हिशेब त्यांवरच ठरतो. नुसता बंपर चेपला असेल आणि गाडी सुरक्षितपणे चालत असेल, तर पार्ट येईपर्यंत ती घरी आणता येईल का हे विचारा. चालती गाडी ‘रस्त्यावर नेऊ नका’ सांगून अडकवून ठेवण्याचा धंदा जुनाच आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे यांबद्दल शंका असेल तर मात्र इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. भाड्याच्या गाडीला झालेले पार्किंगचे दंड आणि त्यांवरचं कंपनीचं हाताळणी शुल्क दाव्यात बसत नाही. ते तुम्हीच भरायचं.

क्रेडिट हायरच्या करारावर परवाच सही केली. रद्द होईल? – रेडिंग

रद्द करण्याची तरतूद करारात शोधा, मुदत सहसा १४ दिवसांची असते. आजच ईमेलने कळवा, फोनवर नको. वापरलेल्या दिवसांचं भाडं मागतील. ते भरण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस (मोफत सल्ला देणारी संस्था) किंवा सॉलिसिटरला करार दाखवा. गाडी परत देताना चारही बाजूंचे, मीटरचे आणि इंधनकाट्याचे फोटो काढा, पोच घ्या.