५०० रुपयांत तीन लहान मुलांसाठी घरी काय शिवता येईल?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीला नणंदेची दोन आणि भावाचा एक अशी तीन मुलं घरी येणार आहेत. नणंदेची धाकटी सहा महिन्यांची, मोठी चार वर्षांची आणि भावाचा मुलगा दोन वर्षांचा. हाताशी ५०० रुपये आणि सासूबाईंचं पायमशीन. सरळ टीप येते, त्यापुढे फारसं काही नाही.

येतंय तेवढं पुरे आहे. मी सांगलीत घरीच फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं करते, बावीस वर्षं झाली. माहेरच्या-सासरच्या पोरांना आजवर जे काही शिवून दिलं, त्यातलं जे खरंच वापरलं गेलं ते सगळं सरळ टिपेचं होतं. झालरीचे फ्रॉक फोटोपुरते अंगावर चढले आणि कपाटात गेले.

आधी कापड आणायला बाजारात धावू नका. ओटीच्या ब्लाउजपीसची पिशवी काढा. ती प्रत्येक घरात असतेच. हळदीकुंकवाला आलेला पीस दुसऱ्या कुणाच्या ओटीत जातो, तिथून बारशाला फिरतो आणि कधीकधी आपल्याच दारी परत येतो. माझ्याकडे एक पोपटी पीस असा चार वर्षांनी आलाय, कोपऱ्यावर मीच पेनानं मारलेल्या खुणेसकट. न शिवलेले असे दहा-बारा पीस निघाले तरी तुमचं रंगांचं काम झालं.

त्यातला सुती कुठला आणि पॉलिस्टर कुठला, हे हाताला दरवेळी कळत नाही. कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा आणि मागे राहते ती भुरभुरीत राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. दोन ढीग करा. सुती बाळासाठी, बाकीचं फराळासाठी. फराळ कसला ते खाली सांगते.

दुसरी जागा म्हणजे जुन्या सुती साड्या आणि धोतरं. आमच्याकडे बाळाला कोरं कापड लावतच नसत, पहिली झबली-दुपटी आजीच्या साडीचीच. पन्नास वेळा धुतलेल्या सुताइतकं मऊ काही दुकानात मिळत नाही. तिसरी जागा, गल्लीतला शिंपी किंवा माझ्यासारखी फॉल-पिकोवाली. चिंध्या आम्ही फेकूनच देतो, मागितल्या तर पिशवीभर देऊ. फक्त दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी सहाला मागायला येऊ नका.

जे काही जमेल ते आधी गरम पाण्यातून काढा. कोऱ्या सुताची खळ निघते, आटायचं तेवढं आटून जातं आणि रंग सोडणारं कापड तिथेच पकडलं जातं. मी एकदा आळस केला. पांढऱ्या दुपट्याला खणाचा लाल काठ लावला, बारशात सगळ्यांनी नावाजला, आणि पहिल्याच धुण्यात दुपटं गुलाबी झालं. बाळाच्या आजीनं ते मला फोन करून सांगितलं.

पैसे वाचवू नयेत अशा दोनच गोष्टी, दोरा आणि आतलं भरण. डब्यात वर्षानुवर्षं पडलेली रिळं कुजलेली असतात. हातभर दोरा दोन्ही मुठींत धरून झटका द्या, पटकन तुटला तर टाकून द्या. भरायला सरकीचा कापूस घेऊ नका. धुतला की आत गोळे होतात, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. गादीवाल्याकडे उशीत भरायचा रेक्रॉन सुटा मिळतो, अर्धा किलो तुम्हाला भरपूर होईल.

आता सहा महिन्यांची. तिच्याकडे दुपटी-टोपडी ढिगानं असणार, त्यात भर नको. तिला एक चौघडी आणि एक चेंडू द्या. चौघडी म्हणजे साडीचे चार थर एकावर एक, मीटरभर चौकोन, कडेनं गोट (कापडी पट्टीची किनार) आणि मधून चार-चार बोटांवर धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका. नऊवारी आठ मीटरच्या वर भरते, त्यामुळे विरलेला भाग सोडूनही एकीत चौघडी आरामात बसते. धावदोरा हातानंच घाला, मशीनवर चार थर सरकतात आणि घड्या पडतात. ही जमिनीवर अंथरून खेळायला. देताना तिच्या आईला तेवढं सांगा, कारण वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरुणं, उशा, मऊ खेळणी ठेवू नयेत असं हल्ली डॉक्टर सांगतात. तोंडावर आलं तर त्या वयाला बाजूला करता येत नाही.

चेंडू मात्र नीट मोजून करा, अंदाजानं केला की लिंबू होतं. १० सेंमी व्यासाच्या चेंडूचा घेर साधारण ३१ सेंमी. सहा पाकळ्या करायच्या, म्हणजे एका पाकळीची लांबी घेराच्या निम्मी, साडेपंधरा, आणि मधली रुंदी घेराचा सहावा भाग, सव्वापाच. कागदावर साडेपंधराची उभी रेघ, तिच्या बरोब्बर मध्यावर सव्वापाचची आडवी, आणि चारही टोकं गोलाईत जोडली की होडीचा आकार येतो. तो कापून कापडावर ठेवा आणि भोवती पाऊण सेंमी शिलाईला सोडा. तीन पाकळ्या जोडून एक वाटी, उरलेल्या तीन जोडून दुसरी. दोन्ही वाट्या जोडताना चार बोटं जागा उघडी ठेवायची. टाका बारीक ठेवा, दोन मिलिमीटरचा, नाहीतर शिवणीतून भरण डोकावतं. उलटवा, ठासून भरा (तीसेक ग्रॅम जातं, वाटतं त्यापेक्षा जास्त) आणि तोंड हातानं लपत्या टाक्यांनी बंद करा. सहाही टोकं जिथे भेटतात तिथे थोडं भोक राहतंच, माझं अजूनही राहतं. त्यावर रुपयाएवढी कापडाची गोल चकती टाचून टाका. पाकळ्या एक गडद एक फिकट अशा लावा, बाळाची नजर त्यावर ठरते.

आत घुंगरू घालू का, असं मनात येईल. नको. बटणाचे डोळेही नकोत. भाच्याला मी एक हत्ती केला होता, डोळ्यांना काळी कोटाची बटणं, चार-चार वेळा दोरा फिरवून पक्की केलेली. तासाभरात त्यातलं एक त्याच्या गालात होतं. वहिनीनं बोट घालून काढलं. त्या दिवसापासून डोळे, नाक, मिशा सगळं दोऱ्यानंच भरते, साखळी टाका किंवा गाठी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना साधारण ३.२ सेंमी व्यासाची नळी वापरतात, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. घरात सगळ्यांचं सगळं सगळ्यांच्या हातात जातं, तेव्हा चार वर्षांच्या मुलीसाठी करताय म्हणून हा नियम सैल करू नका.

दोन वर्षांच्या मुलासाठी लोक हत्ती-घोडे शिवत बसतात. त्याला पिशवी द्या. खरंच सांगते, त्या वयात मुलांचा एकच धंदा असतो, भरायचं आणि ओतायचं. चमचे, चपला, टीव्हीचा रिमोट, अर्धं बिस्किट. बाजारातल्या पिशव्या त्याला गुडघ्याखाली लोळतात, म्हणून त्याच्या मापाची हवी. २४ बाय ५० सेंमीचा मांजरपाटाचा एकच तुकडा मधून दुमडा, खाली शिवण लागतच नाही. दोन्ही बाजूंना आधी सुलट्या बाजूनं बारीक टीप, मग उलटवून दुसरी टीप, म्हणजे कच्च्या कडा आत बंद होतात आणि दोरे सुटत नाहीत. तोंडाला दुहेरी दुमड. पट्टे शिवून झाल्यावर २५ सेंमीचेच, जास्त नाही. एकाच बाजूच्या पट्ट्याची दोन टोकं आठेक सेंमी अंतरावर जोडली की त्या फासाचा घेर तेहतीस-चौतीस भरतो. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ४८ च्या आसपास असतो, त्यामुळे पट्टा डोक्यातून गळ्यात जाऊ शकत नाही. लांब पट्ट्याची झोळी गोड दिसते पण गळ्यात अडकते. पट्टा जोडताना नुसती आडवी टीप मारू नका, चौकोन शिवा आणि आत फुली. तो त्या पिशवीत बसून स्वतःला ओढून घेणार आहे, तेवढं वजन धरलं पाहिजे. बाहेरून एका ब्लाउजपीसचा चौकोनी खिसा लावला की सजावट झाली.

चार वर्षांच्या मुलीसाठी कापडाचा फराळ. तिची आई आणि तुम्ही खऱ्या फराळात गुंतलेल्या असाल, तेव्हा तिचं स्वतःचं ताट तयार पाहिजे. जाळून पाहिल्यावर वितळलेले ते पिवळे, केशरी, तपकिरी पीस इथे कामाला येतात.

लाडू सगळ्यांत सोपा. १६ सेंमी व्यासाचं वर्तुळ (ताटली ठेवून आखा), कडेनं दुहेरी दोऱ्यानं धावदोरा, मध्ये रेक्रॉन, दोरा ओढा, तोंड मिटलं की उलटसुलट पाच-सहा टाके. पाच सेंमीचा लाडू होतो. मूगडाळीच्या रंगाचं कापड मिळालं तर बेसनाचा, पांढरं मिळालं तर रव्याचा. बेदाणा वर दोऱ्यानंच भरा.

करंजीला १४ सेंमीचं वर्तुळ. आत सुलटी बाजू ठेवून दुमडा, अर्धगोलावर टीप मारा, दोन बोटं जागा सोडून उलटवा, भरा, मिटवा. मग गोल कडेनं जाड दोऱ्यानं काजाचा टाका घाला, हुबेहूब मुरड दिसते. हा टाका दाट आणि सारख्या अंतरावर आला तर बघणारा एकदा तरी हात लावून बघतो.

शंकरपाळे खऱ्याएवढे करायचा मोह आवरा, ते वर सांगितलेल्या नळीत मावतील. सात सेंमीचे दोन-दोन चौकोन करंजीसारखेच शिवून भरा, तिरके धरले की शंकरपाळे.

चकली ही खरी परीक्षा. सरळ कापलेल्या पट्टीची चकली वळत नाही, आतल्या बाजूला चुण्या पडतात. कापड उरेब कापा, म्हणजे कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, तिरकं. मग ते ताणतं आणि निमूट वळतं. पाच सेंमी रुंद, अर्धा मीटर लांब पट्टी. बारीक नळी शिवून ती उलटवायच्या भानगडीत पडू नका, सेफ्टी पिन आत हरवते आणि डोकं फिरतं. त्याऐवजी जाड सुती दोरीवर पट्टी गुंडाळा, कड आत दुमडून हातानं हेम घाला आणि मग वळा. तळहातावर मावेल एवढी होते. प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला टाक्यांनी पक्का करायचा, कारण चकली सुटली तर हातभर दोरी मोकळी होते आणि घरात रांगायला लागणारं बाळ आहे. काटे मला अजून जमलेले नाहीत.

चार लाडू, चार करंज्या, सहा शंकरपाळे, दोन चकल्या. डबा शिवू नका, घरातला जुना स्टीलचा डबा द्या, झाकणाचा आवाज झाल्याशिवाय फराळाला मजा नाही.

हिशेब सांगते. गेल्या वर्षी जवळजवळ हेच सगळं केलं तेव्हा दोऱ्याच्या तीन रिळांना ७५, अर्धा किलो रेक्रॉनला १२०, सुयांच्या पाकिटाला ३०, सुती दोरीला ४० आणि अर्धा मीटर जाड मांजरपाटाला ४५ गेले. ३१० झाले. तुमच्या गावात थोडं इकडेतिकडे होईल. उरलेल्यात मला विचाराल तर चांगली कातर घ्या, छोटी का होईना. बोथट कातरीनं पाकळ्यांची गोलाई येत नाही.

शिवायचा क्रम लाडू, पिशवी, करंज्या-शंकरपाळे, मग चेंडू, शेवटी चकली. चौघडीचा धावदोरा रोज रात्री थोडा थोडा, टीव्हीसमोर बसून घाला, पंधरा दिवस लागतील. मशीनला १४ नंबरची सुई लावा, मांजरपाटाच्या जाड घड्यांवर पट्टे जोडताना १६ ची. आणि मशीन बरेच दिवस बंद असेल तर आधी तेल घाला आणि पंधरा मिनिटं चिंधीवर चालवा, नाहीतर तेलाचा पहिला डाग बरोब्बर चेंडूच्या पांढऱ्या पाकळीवर पडतो.